परदेशात शिकवायला जाताय? खानदेशातल्या शिक्षकांसाठी कागदपत्रांचा क्रम, टप्प्याटप्प्याने

परवा पाचोऱ्याहून एका मॅडमचा फोन आला. "सर, मेडिकल झालं, पोलिसांचा दाखला हातात आला. आता डिग्रीच्या अटेस्टेशनला टाकते." मी म्हटलं, मॅडम, सगळं उलटं झालं. डिग्रीवरचे शिक्के पूर्ण होईपर्यंत मेडिकलची मुदत संपणार आणि पुन्हा मुंबई, पुन्हा पैसे, पुन्हा रजा.

आखातात काही वर्षं गणित शिकवून परत आलो, तेव्हापासून जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शिक्षकांचे असे फोन येतात. बहुतेकांची तक्रार एकच असते: "नियमच बदलला, आता काय करू भो?" नियम बदलतात हे खरं आहे. पण निम्म्याहून जास्त वेळा मूळ चूक क्रमाची असते. क्रम बरोबर असेल तर बदललेल्या नियमानं एखादा कागद वाढतो. क्रम चुकलेला असेल तर सगळी फाईल पहिल्यापासून करावी लागते.

म्हणून सुरुवातीलाच कागदांचे दोन ढीग करा. पहिला ढीग टिकणाऱ्या कागदांचा: पदवी, गुणपत्रकं, दहावी-बारावी, जन्मदाखला, विवाह नोंदणी, अनुभवाचा दाखला. दुसरा नाशवंत कागदांचा: पोलिस क्लिअरन्स, वैद्यकीय तपासणी, बँकेचं स्टेटमेंट, शाळेचं ऑफर लेटर. रावेर-यावलकडे व्यापाऱ्याची गाडी ठरल्याशिवाय केळीचा घड कापत नाहीत. दुसऱ्या ढिगाचं तसंच आहे. पहिला ढीग मात्र नोकरी मिळण्याआधी, आजपासूनच तयार करता येतो.

## टप्पा १: नियम लेखी घ्या, तारखेसह

एक साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानावर चार गोष्टी: नियम काय, कुठे वाचला किंवा कोणी सांगितला, कोणत्या तारखेला, आणि तो कोणत्या तारखेपासून लागू आहे. वेबसाइटवर वाचलं असेल तर तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेला फॉरवर्ड वहीत लिहू नका, अगदी ओळखीच्या सरांकडून आला असला तरी.

मग परदेशातल्या शाळेला ई-मेल करा. फोनवर विचारू नका. तीन प्रश्न पुरे: कोणत्या कागदांवर शिक्के हवेत? अपॉस्टिल (करारातल्या देशांत चालणारं, आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणीकरणाचं स्टिकर) चालेल की दूतावासाचा शिक्का हवा? राज्य शासनाचं प्रमाणीकरण बंधनकारक आहे, की दिल्लीतल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यामार्फत होणारं चालेल? तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. दिल्लीचा रस्ता लवकर होतो म्हणून एजंट तोच सुचवतो. नंतर शाळा तो नाकारते आणि सगळे पैसे वाया जातात.

एजंटमार्फत जात असाल तर त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. जो त्याहून जास्त मागतो किंवा पावती देत नाही, त्याला मूळ पदवी अजिबात देऊ नका.

सावधान: "आधी भेट व्हिसावर या, तिथं आल्यावर बदलून देऊ" असं कोणी म्हणालं तर तिथंच थांबा. भेट व्हिसावर वर्गात उभं राहणं म्हणजे बेकायदेशीर काम. पकडले गेलात तर शाळा नाही, तुम्ही अडकता.

## टप्पा २: नाव, तारीख, गाव जुळवा

सर्वात जास्त फाईली याच टप्प्यावर अडतात, म्हणून इथं घाई नको. पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र, पदवी, बी.एड., आधार आणि अनुभवाचा दाखला टेबलावर ओळीनं मांडा. प्रत्येकावरचं इंग्रजी नाव अक्षर न् अक्षर वहीत उतरवा. वाचून "सारखंच आहे" म्हणू नका, हातानं लिहा. लिहिताना चूक डोळ्यांत येते. चौधरींच्या नावात शेवटी एका कागदावर 'आय' असतो, दुसऱ्यावर 'वाय'. ज्ञानेश्वर तर तीन कागदांवर तीन तऱ्हांनी सापडतो.

आपल्याकडच्या फाईलींत वारंवार दिसणाऱ्या अडचणी अशा:

आडनाव आधी. बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या कागदांवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो. परदेशातला कारकून पहिला शब्द हेच नाव धरतो, त्यामुळे त्याच्या लेखी पाटील हे नाव आणि रमेश हे आडनाव होतं. यावर उपाय सोपा आहे: अर्जासोबत एका पानावर नावाचे तिन्ही भाग वेगळे लिहून द्या आणि शाळेला ते आधीच कळवा.

आडनावाचा रकाना रिकामा. काहींच्या जुन्या पासपोर्टमध्ये पूर्ण नाव एकाच रकान्यात भरलेलं आहे, आडनावाच्या जागी काहीच नाही. संयुक्त अरब अमिरातीनं २१ नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्या भेट व्हिसाधारकांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा असे रकाने एकदम अडचणीचे ठरले. पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्या. नोकरीच्या व्हिसाला सूट आहे का, यावर वाद घालण्यात महिने जातात.

लग्नानंतरचं नाव. पदवी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या नावावर. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राज्य राजपत्रातली नावबदलाची नोंद, दोन्ही लागतात. नुसतं स्टँप पेपरवरचं प्रतिज्ञापत्र परदेशात पुष्कळदा मान्य होत नाही. ज्या मुलींनी अजून पासपोर्टवरचं नाव बदललेलं नाही, त्यांना मी मनापासून सांगतो: बदलू नका. लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्यानं सक्ती नाही, आणि सगळी फाईल एका नावावर राहिली तर तुमची वर्षभराची दगदग वाचते.

जन्मगावाचा जिल्हा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. तळोदा, शहादा, नवापूरकडे त्याआधी जन्मलेल्यांच्या जन्मदाखल्यावर 'जिल्हा धुळे' आणि पासपोर्टवर 'नंदुरबार' असू शकतं. दोन्ही बरोबर आहेत, पण तिकडच्या अधिकाऱ्याला हे कळायचं कसं? पासपोर्टच्या पुढच्या नूतनीकरणात एकसारखं करून घ्या, तोवर एका वाक्याचं स्पष्टीकरण सोबत ठेवा.

दुरुस्ती कोणत्या कागदात करायची? जन्मतारखेत फरक असेल तर दहावीचं प्रमाणपत्र आणि जन्मदाखला प्रमाण धरा. नावाच्या स्पेलिंगचा फरक असेल तर पासपोर्ट बदलणं बहुधा सोपं पडतं, कारण शाळा सोडून वीस वर्षं झाल्यावर बोर्डाच्या नोंदीत बदल करून घेणं फार जिकिरीचं असतं.

तपासा: पासपोर्टवर 'ईसीआर' (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक, असा शेरा) छापलेलं आहे का? दहावीचा पुरावा न जोडता काढलेल्या जुन्या पासपोर्टवर ते असतं. तुम्ही पदवीधर आहात, ते काढून घ्या. त्याच फेरीत मुदतही बघा. दीड-दोन वर्षंच उरली असतील तर आत्ताच नवा काढा, नाहीतर व्हिसा जुन्या पासपोर्टला आणि तुम्ही नव्या पासपोर्टवर अशी ओढाताण होते.

## टप्पा ३: मूळ कागद हातात आणा

तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रावर काम भागत नाही. दीक्षान्त समारंभानंतरची मूळ पदवी लागते, आणि प्रत्येक वर्षाचं गुणपत्रक. एखादं हरवलं असेल तर दुय्यम प्रतीसाठी आजच अर्ज करा. दहावी-बारावीसाठी जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळाकडे येतात.

आता आपल्या विद्यापीठाची एक गोष्ट. १९९० साली स्थापन झालेलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. एखाद्या मॅडमची बी.एस्सी. २०१५ ची आणि बी.एड. २०२० ची असेल तर तिच्या दोन पदव्यांवर दोन नावं आहेत. परदेशातल्या पडताळणी संस्थेला ती दोन वेगळी विद्यापीठं वाटतात, आणि जुन्या नावाचं विद्यापीठ यादीत सापडत नाही म्हणून फाईल परत येते. पदवीची पडताळणी मागताना विद्यापीठाकडून नामविस्ताराचा उल्लेख असलेलं पत्रही मागून घ्या. १९९० च्या आधी इथल्या महाविद्यालयांतून शिकलेल्यांची पदवी पुणे विद्यापीठाची आहे. त्यांची पडताळणी जळगावला होणार नाही, पुण्यालाच जावं लागेल.

बी.एड. बद्दल दोन गोष्टी. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर, म्हणजे २०१५-१६ पासून, बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्याआधीचं एक वर्षाचं होतं. "तुमची पदवी अर्धवट आहे का?" असा प्रश्न आला तर घाबरू नका. त्या काळातला अधिकृत कालावधी एक वर्ष होता, असं महाविद्यालयाकडून लिहून घ्या. दुसरी गोष्ट दूरशिक्षणाची. नोकरी करता करता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.एड. केलेले शिक्षक आपल्याकडे खूप आहेत. इथं ती पदवी पूर्णपणे मान्य आहे. पण आखातातल्या समकक्षतेत, म्हणजे आपली पदवी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे का हे ठरवताना, शिक्षण नियमित की दूरस्थ हे स्पष्ट विचारलं जातं. शिक्के मारण्याच्या आधी शाळेला विचारा. ही गोष्ट लपवून काही उपयोग नाही, विद्यापीठाच्या पत्रात ती येतेच.

सावधान: लॅमिनेशन. माझ्या धाकट्या बहिणीची पदवी वडिलांनी कौतुकानं लॅमिनेट करून भिंतीवर लावली होती. मुंबईत खिडकीवरच्या माणसानं ती हातात घेतली, कोपऱ्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, आणि एक शब्द न बोलता परत सरकवली. प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही, शाई पुसली जाते. घरी इस्त्रीनं किंवा ड्रायरनं प्लॅस्टिक सोडवायला जाऊ नका, अक्षरं प्लॅस्टिकबरोबर निघून येतात. विद्यापीठातून दुय्यम प्रत काढणं हाच सुरक्षित मार्ग. बहिणीला त्यासाठी थांबावं लागलं, आणि त्या सत्राची जागा दुसऱ्या कुणाला गेली. वडील आजही तो विषय निघाला की गप्प होतात.

## टप्पा ४: अनुभवाचा दाखला

मुख्याध्यापकांच्या सहीचा तीन ओळींचा दाखला इथं चालतो, तिकडं नाही. दाखल्यात हे हवंच: रुजू झाल्याची आणि सोडल्याची दिवस-महिना-वर्षासह तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, विषय, इयत्ता, माध्यम, शाळेचा यू-डायस क्रमांक, सही करणाऱ्याचं पूर्ण नाव, पद आणि चालू असलेला फोन. "सन २०१५-१६ पासून आजतागायत" असं लिहिलेलं असेल तर महिने मोजता येत नाहीत आणि अनुभव कमी धरला जातो.

'शिक्षण सेवक' या शब्दाची विशेष काळजी घ्या. आपल्याला माहीत आहे की ती मानधनावरची तीन वर्षं पूर्ण अध्यापनाची असतात. परदेशी माणूस 'सेवक' शब्दाचं भाषांतर वाचून तुम्हाला स्वयंसेवक किंवा मदतनीस समजतो. पदनाम बदलून खोटं लिहायचं नाही. मूळ पदनाम ठेवून पुढे 'पूर्णवेळ शिक्षक, परिविक्षाधीन कालावधी' असं स्पष्टीकरण मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या. दाखल्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मिळाली तर त्याचं वजन वाढतं.

अमेरिकेत विनिमय शिक्षक म्हणून जे-१ व्हिसावर जाणाऱ्यांना पूर्णवेळ अध्यापनाचा किमान दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तिथं असे सुटलेले महिने फार महाग पडतात.

## टप्पा ५: शिक्क्यांची साखळी

क्रम असा: विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य शासनाचं प्रमाणीकरण (शाळेनं लेखी मान्य केलं असेल तर त्याऐवजी दिल्लीतल्या दंडाधिकाऱ्याचं), मग परराष्ट्र मंत्रालय. यातली एकही पायरी ओलांडता येत नाही, कारण प्रत्येक कार्यालय आधीच्या शिक्क्याची खात्री करून आपला शिक्का मारतं.

परराष्ट्र मंत्रालय व्यक्तीकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सींमार्फतच द्यावे लागतात. हे काम २०१९ पासून दिल्लीखेरीज मुंबईसह इतर शहरांतूनही होतं, त्यामुळे अमरावती एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईत उतरणं आपल्याला पुरतं. अपॉस्टिलचं सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे. एजन्सीचं सेवाशुल्क वेगळं. कोणी एकरकमी दहा-बारा हजार सांगितले तर कोणत्या पायरीचे किती, ते लिहून मागा.

पुढचा फाटा देशावर अवलंबून आहे. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे. समोरचा देशही करारात असेल तर सहसा अपॉस्टिलवर काम संपतं. ओमान, बहारीन आधीपासून आहेत. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये आला. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचा आणि तिथं पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा असे आणखी दोन शिक्के लागतात. देश करारात असणं पुरेसं नसतं, हेही ध्यानात ठेवा: जर्मनीनं भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळे तिथं आपलं अपॉस्टिल चालत नाही.

सावधान: देश पक्का झाल्याशिवाय पाचव्या टप्प्याला हात लावू नका. दुबईसाठी मारलेले शिक्के मस्कतला उपयोगी पडतीलच असं नाही.

तपासा: अपॉस्टिलच्या स्टिकरवरचा क्रमांक कागद हातात आल्याच्या दिवशीच ऑनलाइन तपासा. खोटी स्टिकरं लावणारे लोक आहेत, आणि ते विमानतळावर कळून उपयोग नाही.

## टप्पा ६: पडताळणी आणि समकक्षता

शिक्का म्हणजे कागद खरा आहे एवढंच. तुमची पदवी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे का, हे वेगळं ठरतं. सौदीनं भारतीय कामगारांसाठी व्यावसायिक आणि शैक्षणिक पात्रतेची पूर्वपडताळणी १४ जानेवारी २०२५ पासून सक्तीची केली. त्या सुमारास शिक्के पूर्ण असलेल्या अनेकांना वाटलं की आपलं झालं, आणि ते थांबून राहिले.

इंग्लंडनं २०२३ च्या फेब्रुवारीपासून भारतातल्या पात्र शिक्षकांना तिथल्या शिक्षक दर्जासाठी थेट अर्जाची वाट खुली केली, पण ती ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांसाठी. इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांनी ती अट वाचल्याशिवाय अर्ज करू नये.

पडताळणी संस्था थेट विद्यापीठाला ई-मेल करते. तो ई-मेल परीक्षा विभागात पडून राहिला तर तुम्हाला कोणी कळवत नाही. संदर्भ क्रमांक घ्या आणि आठवड्यानं स्वतः जाऊन विचारा.

## टप्पा ७: आता नाशवंत कागद

व्हिसाचा कागद निघाल्याची किंवा शाळेची पक्की तारीख आल्याची खात्री झाली की मगच.

पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून काढा, फी ५०० रुपये. पोलिस ठाण्याचा दाखला वेगळा, तो नोकरीच्या स्थानिक कामासाठी असतो. पासपोर्टवर गावाकडचा पत्ता आणि राहणं शाळेच्या गावी, असं असेल तर पोलिस गावी जाऊन "इथं राहत नाहीत" असा शेरा मारतात. अर्जात सध्याचा पत्ता द्या आणि त्याचा पुरावा तयार ठेवा.

वैद्यकीय तपासणी सौदी, कुवेतसारख्या देशांसाठी वाफिद या आखाती देशांच्या ऑनलाइन वैद्यकीय प्रणालीतून ठरवून दिलेल्या केंद्रातच करावी लागते. छातीचा एक्स-रे असतो. गरोदर असाल किंवा शंका असेल तर आधी सांगा. क्षयरोग पूर्वी होऊन बरा झाला असेल तर जुने एक्स-रे आणि उपचार पूर्ण झाल्याचा कागद सोबत न्या.

## टप्पा ८: मधेच नियम बदलला तर

आधी ठरवा, बदललं कोणी. तीन शक्यता असतात. देशाच्या सरकारनं नियम बदलला. किंवा सरकारचा नियम तोच आहे, शाळेनं स्वतःची मागणी वाढवली. किंवा दोन्ही नाही, एजंट उशिराचं कारण देतोय. वही काढा, दूतावासाच्या किंवा मंत्रालयाच्या वेबसाइटवर तारखेसह सूचना शोधा. तिथं नसेल तर शाळेला विचारा. दोघांकडे नसेल तर एजंटकडून लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळ 'नियम' तिथंच नाहीसे होतात.

नियम खरंच बदलला असेल तर पुढचा प्रश्न: तो अर्जाच्या तारखेला लागू, कागद काढल्याच्या तारखेला, की देशात उतरण्याच्या तारखेला? तुमचा अर्ज आधीचा असेल तर पावती जोडून विनंती करा. काही वेळा बदल तुमच्या बाजूचाही असतो. जे-१ व्हिसावरून परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट अमेरिकेच्या ज्या कौशल्य यादीमुळे लागायची, तिच्यातून भारत ९ डिसेंबर २०२४ पासून वगळला गेला. ही अट इतर कारणांनीही लागू शकते, म्हणून जुन्या व्हिसावर तसा शेरा असलेल्यांनी स्वतःची स्थिती नीट तपासून घ्यावी.

या काळात चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका. अनुदानित शाळेतल्यांनी तर संस्थेचं ना-हरकत आणि रजेची मंजुरी लेखी हातात असल्याशिवाय तिकीटही काढू नये. नियम बदलल्यामुळे तीन महिने पुढे गेलेला व्हिसा सोसता येतो. हातची मंजूर जागा एकदा गेली की ती परत मिळत नाही.

## टप्पा ९: निघण्याआधी

मूळ कागद हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. सगळ्याचे रंगीत स्कॅन, पाठीमागच्या शिक्क्यांसकट, कारण पाठीची बाजू स्कॅन करायची बहुतेक जण विसरतात.

शेवटचं काम घरच्या माणसासाठी. भाऊ, बहीण, वडील, जो जळगावच्या विद्यापीठात चकरा मारू शकेल त्याच्या नावानं सही केलेली दोन-तीन अधिकारपत्रं, तुमच्या ओळखपत्राची प्रत आणि पदवीचा बैठक क्रमांक लिहिलेली चिठ्ठी एका पाकिटात घालून द्या. तिकडं गेल्यावर दुसऱ्या वर्षी परवाना नूतनीकरणाला एखादं नवं पत्र मागितलं गेलं, तर तुम्ही सुट्टी काढून यायची गरज नाही. ते पाकीट कपाटात कुठे ठेवलंय, हे निघायच्या आदल्या रात्री त्यांना दाखवून जा.